राहिलेली खेप

मन्मथअप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या ऑफिसच्या दारात उभे राहून आतली माणसं मोजत होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. आम्ही चौघं होतो. मोजून समाधान झाल्यावर त्यांनी चपला काढल्या, आत आले आणि आम्ही खिडकीकडच्या एकाच बाकावर दाटीवाटीनं बसलेले पाहून म्हणाले, "सायब, दोघं ह्या अंगाला या की. समदे एका बाजूला बसू नका."

आम्ही हसलो. पंखा त्या बाजूला होता म्हणून आम्ही तिथं होतो, एवढी साधी गोष्ट. कोणी उठलं नाही. अप्पा मात्र समोरच्या रिकाम्या बाकावर एकटेच जाऊन बसले आणि घाम पुसत राहिले.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. आमचं अहमदपूर उस्मानाबादेतून निघून लातुरात आलं होतं आणि जुन्या कागदांच्या डोक्यावरचं एक नाव खोडून दुसरं लिहिता लिहिता कारकुनांची बोटं दुखत होती. जिल्हा नवा, साहेब नवे, शिक्के नवे. पाणी तेवढं जुनं, आणि तेही संपत आलेलं. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. ज्या तलावाचं आमचं ऑफिस, त्या तलावात गुरं चरायला सोडावीत अशी परिस्थिती होती, फक्त चरायला काही नव्हतं.

मी तिथला भांडारपाल. फावडी, घमेली, पाइप, दोरखंड यांच्यावर नजर ठेवणारा माणूस. जुन्या जिल्ह्याकडून नव्या जिल्ह्याकडे काय काय आलं याची यादी मी करत होतो आणि त्या यादीत एक ओळ होती, 'मोटारबोट, लाकडी, इंजिनासह, एक.' बोट तलावाकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये बारा-तेरा वर्षं कुलपात पडून होती. दुष्काळी तालुक्यात मोटारबोट म्हटल्यावर नवे साहेब पोटभर हसले आणि त्या ओळीपुढं लाल शाईनं 'निर्लेखित करा' असं लिहून मोकळे झाले. म्हणजे भंगारात काढा. महिनाअखेर ट्रक येणार होता.

नेमके त्याच आठवड्यात अप्पा उमरीहून आले. उमरीला ते एका जिनिंगमध्ये इंजिनं दुरुस्त करायचे. साठीला आलेला काटक माणूस, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, धोतरावर मेकॅनिकचा निळा शर्ट, आणि शर्टाच्या आत गळ्यात लिंगाची चांदीची डबी. पूर्वी ते आमच्याच खात्यात या बोटीवर ड्रायव्हर होते, हे मला त्या दिवशी कळलं. मी नंतर लागलेला.

"बोट हाय का आजून?" त्यांनी विचारलं.

"आहे. पण महिनाअखेर जाणार भंगारात."

"मी चालती करतो. काई नको मला. एक खेप मारू द्या, मग कुठं न्यायची तिथं न्या."

"अप्पा, तलावात पाणी कुठंय?"

"मधल्या डोहात हाय की. बुडालेल्या मठापाशी. तेवढं बास हाय."

कशाला, हे त्यांनी सांगितलं नाही. मी का हो म्हणालो, तेही मला नीट सांगता येणार नाही. निर्लेखनाच्या फॉर्मात 'वस्तू दुरुस्तीयोग्य आहे काय' असा एक रकाना असतो आणि तो आजवर कोणी खरेपणानं भरलेला मी पाहिला नव्हता. मी त्यात 'तपासणी चालू' असं लिहिलं. माझ्या नोकरीतलं ते सगळ्यात मोठं धाडस म्हणायला हरकत नाही.

शेड उघडलं तेव्हा चौकीदार हैदरचाचा आणि मी सोबत होतो. आत उंदरांचा आणि जुन्या डांबराचा वास. बोट दोन ठोकळ्यांवर बसवलेली होती. उन्हाळ्यांमागून उन्हाळे खाऊन तिच्या फळ्या इतक्या सुकल्या होत्या की फटींतून पलीकडची भिंत दिसत होती. अप्पांनी चपला बाहेरच काढल्या. बोटीच्या कडेवर तळहात ठेवून उभे राहिले, बराच वेळ, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतो तसा.

"लई तहानलीया," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते शेडमध्येच राहायला लागले. उमरीहून येताना त्यांनी पोतंभर रुई आणली होती. तिच्या वाती वळायच्या, त्या बोथट छिन्नीनं फटींत ठोकून बसवायच्या, वरून उकळतं डांबर. दिवसभर ठक ठक चालायची. काम करताना बोलायचे थोडं, पण हात इतके नेमके होते की मी कागद सोडून बघत बसायचो. एक गोष्ट मला विचित्र वाटायची. हा माणूस हाताच्या बोटानं दाखवून काही सांगायचा नाही. "पाना कुठं ठेवला अप्पा?" म्हटलं तर 'तो काय तिथं' असं म्हणून हात करायचा नाही. उठायचा, जाऊन आणायचा, हातात द्यायचा. पाचशे पावलांवरची पाण्याची टाकी एका वाटसरूनं त्यांना एकदा विचारली, तर हे हातातलं काम टाकून त्याला तिथपर्यंत पोचवून आले. चहाच्या टपरीवर आम्ही तिघं एका बाकावर बसलो की हे हमखास उठून समोर बसायचे. चाचा म्हणायचे, "मिस्त्रीका दिमाग तराजू हो गया."

वाती ठोकून भागत नव्हतं. सुकलेलं लाकूड पाणी पिऊन फुगलं पाहिजे, तरच फळीला फळी भिडते. म्हणजे बोट पाण्यात तरंगायच्या आधी पाणी बोटीत हवं. आणि गावात टँकर तीन दिवसांनी एकदा यायचा. त्यावर अप्पांनी काढलेला उपाय मी एका सकाळी प्रत्यक्ष पाहिला.

शेडचं दार अर्धं उघडं होतं. आत अप्पा बोटीत मांडी घालून बसले होते, उघडे, आणि तांब्यातांब्यानं आंघोळ करत होते. अंगावरून ओघळलेलं पाणी बोटीच्या तळाशी साचत होतं. आंघोळ झाल्यावर ते तिथंच ताठ बसले, डाव्या तळहातावर लिंग घेऊन, नजर त्यावर खिळवून, अंगाला भस्म फासलेलं. पापणीसुद्धा हलत नव्हती. आमच्या लातुरात शेजारीपाजारी सगळे लिंगायत, त्यामुळे त्यांच्यात गेलेल्या माणसाला मातीत ठेवताना मांडी घालूनच बसवतात हे मला लहानपणापासून ठाऊक. ते आठवलं आणि मी हाक न मारता मागं फिरलो. 

हे सोजरबाईनंही पाहिलं. टँकरपुढची रांग हीच बाई लावायची, आणि तिच्यापुढं ग्रामसेवकसुद्धा दबून असायचा. ती चार बाया घेऊन शेडच्या दारात आली.

"लाकडाला पानी पाजून राहिलाव व्हय?" ती म्हणाली. "हितं म्हशी पाय खोडून मरायल्यात. लेकरं थुकी गिळून झोपायलीत. लाज वाटंना का तुमाला?"

अप्पा बोटीतून उतरले. आधी दारातल्या बाया मोजल्या, मग बोलले. "माज्या वाटणीच्या दोन घागरी हायत, बाई. तांब्याभर पितो. बाकीचं अंगावरून जायचंच हाय, मातीत नाही तर हिच्यात."

"मंग आजपसून एकच घागर."

"हाव. एक द्या," अप्पा म्हणाले.

बाई भांडायच्या तयारीनं आली होती. समोरचा असा लगेच कबूल झाल्यावर ती बायांना घेऊन माघारी वळली. त्या दिवसापासून अप्पांना एकच घागर मिळायला लागली. त्यांनी पिण्याचं पाणी निम्म्यावर आणलं, उरलेलं सगळं आंघोळीलाच ठेवलं. ओठांना चिरा पडल्या. मी घरून बाटली भरून न्यायचो तर ती माझ्यासमोर बोटीच्या सांध्यांवर शिंपडायचे. मी रागावलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशीही तेच केलं.

त्याच दिवसांत पुढच्या फळीची गोष्ट माझ्या लक्षात आली. बोटीच्या नाकाशी बसायला एक आडवी फळी होती. मराठवाड्यातला तो उन्हाळा म्हणजे धुतलेलं धोतर झटकेपर्यंत वाळायचं. अप्पांच्या आंघोळीचं पाणीही दुपारपर्यंत तळातल्या फळ्यांनी पिऊन टाकलेलं असायचं. ही फळी मात्र मधोमध ओली असायची. एक माणूस बसेल एवढी जागा. हैदरचाचांनी तिच्यावर मूठभर माती टाकून पाहिली. आम्ही चहा पिऊन येईपर्यंत मातीचा चिखल झाला होता. त्या दिवसापासून चाचांनी शेडमध्ये जेवणाचा डबा उघडला नाही. अप्पांनी तो चिखल आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसून काढला, आणि ते त्या फळीवर कधीही बसले नाहीत.

बोट पूर्वी एकदा बुडाली होती, एवढं चाचांकडून कळलं होतं; तेव्हा इंजिनात पाणी गेलं होतं आणि त्यानंतर ते कोणी खोललंच नव्हतं. अप्पांनी त्याचा सांधा न् सांधा सुटा केला. एका दुपारी ते सगळं शेडच्या दारात गोणपाटावर मांडलेलं होतं: पिस्टन, प्लग, कारबोरेटर, स्क्रू, सगळं रॉकेलमध्ये धुऊन. मी शेजारी बसून यादीशी ताडून बघत होतो. समोर तलावाचा उघडा तळ, भेगाळलेला, डोळे दिपवणारा. माणूस सोडा, कुत्रंसुद्धा नव्हतं.

तेवढ्यात इंजिनाचा आवाज आला. तलावातून. लांबून यावा तसा बारीक, मग जवळ, फट फट फट, पाण्यावरून येतो तसा ओला आवाज.

"कुणाचं तरी तेलइंजिन असेल विहिरीवरचं," मी म्हणालो.

"कंच्या हिरीत पानी हाय, सायब?" अप्पा म्हणाले. त्यांनी मान वर केली नव्हती. "ऐकू आलं का तुमाला बी?"

हैदरचाचा उभे राहिले होते, तंबाखू हातावर तशीच. आवाज आमच्या समोरून, जिथं नुसती वाळली माती होती तिथून, डोहाच्या दिशेनं गेला आणि अचानक थांबला. बिघडून बंद पडतं तसा नाही. कोणीतरी बटण दाबून बंद करावं तसा.

"आत्ता बंद केलं म्या," अप्पा म्हणाले.

मग त्यांनी हातातला प्लग खाली ठेवला आणि सांगितलं. तलाव पहिल्यांदा भरत होता ते साल. जुनं गाव उठवायचं काम चालू होतं. बहुतेक लोक निघाले होते, शेवटची काही घरं टेकाडावर अडकली होती.

"शेवटची खेप हुती. सहा माणसं बसवली म्या. त्यात आमच्या घरातली बी हुती. गिरजा. दुसऱ्यांना मधी जागा दिली अन् ती पुढच्या फळीवर बसली. मठावरून चाललो हुतो. पानी असं नितळ, की खाली कळस दिसला. हातभर पान्यात. म्या इंजिन बंद केलं. हात केला अन् म्हनलो, बघा, आपल्या मठाचा कळस."

त्यांनी गोणपाटावरचा एक स्क्रू उचलून पुन्हा जागेवर ठेवला.

"समदे उठले. समदे त्याच अंगाला वाकले, हात जोडून. आमची माणसं, सायब. नाव कदी बघितली न्हवती. देव दिसला की वाकायचं, एवढंच ठावं. त्यांचा काय दोष. म्या दाखिवला."

बोट उलटली. पाच जण कडेला धरून तगले, काठावरच्यांनी टायरी टाकून त्यांना काढलं. गिरजाबाई सापडल्या नाहीत. आठ दिवस शोधलं. नंतर पाणी चढत गेलं.

"माती द्यायची राहिली," मी म्हणालो. काहीतरी म्हणायला हवं म्हणून.

"मातीचं ऱ्हाऊ द्या. तिला म्हनलो हुतो, धरणाच्या पायरीवर उतरवतो, पाय भिजू देनार न्हाई. सहा बसवली, पाच उतरवली. ती खेप आजून चालूच हाय, सायब. रोज दुपारी तिथवर येती अन् थांबती."

मला त्यांचं माणसं मोजणं आठवलं, चहाच्या टपरीवरचं उठून समोर बसणं आठवलं, आणि ज्यावर आम्ही चौघं मिळून हसलो त्याची लाज वाटली. त्या दिवसानंतर आमच्या ऑफिसात कोणी एका बाजूला बसेनासं झालं, हेही सांगून टाकतो.

ट्रक यायच्या दोन दिवस आधी बोट तयार झाली. इंजिनाची चाचणी डोहातल्या गाळपाण्यानं भरलेल्या पिंपात घेतली, तेव्हा ते तिसऱ्या ओढीला लागलं आणि शेडमधली कबुतरं उडाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या एकानं बैलांच्या दोन जोड्या आणल्या. बैलांना तरी दुसरं काय काम होतं. खाली बाभळीचे ओंडके घालत, दोर लावून बोट तलावाच्या तळातून ओढत नेली. वाटेत जुन्या गावाचे उंबरठे लागले, एक जातं लागलं, चुलीच्या जागा लागल्या. घरांच्या मधल्या गल्लीतून बोट चालली होती.

टँकर आला नव्हता म्हणून बायाही रिकाम्या घागरी घेऊन मागं आल्या. डोहाच्या काठाला मांडीएवढा गाळ होता, चालत आत जाणं शक्य नव्हतं. मध्यभागी मठाचा कळस पाण्याबाहेर उभा होता, काळा पडलेला. अप्पांनी बोटीच्या पुढच्या भागात दोन मोठे धोंडे ठेवले. एकटा माणूस मागं इंजिनाशी बसला की नाक वर उचललं जातं, म्हणून वजन, असं त्यांनी हैदरचाचांना सांगितलं. मग दोरी ओढली आणि निघाले.

बोट गळत नव्हती. फट फट करत सरळ कळसाकडे गेली. आम्ही सगळे काठावर उभे होतो आणि आवाज कुठं थांबणार हे आम्हाला माहीत होतं. तो तिथंच थांबला. बायांनी कळसाला हात जोडले, पण एकही वाकली नाही. सोजरबाई जोडल्या हातांनी ताठ उभी होती.

अप्पा आमच्याकडं पाठ करून बसले होते. किती वेळ ते मला सांगता येत नाही. मग ते उठले, पुढं गेले, एक धोंडा उचलून पाण्यात सोडला. मग दुसरा. दोन्हीचे आवाज आम्हाला उशिरा ऐकू आले. मागं येऊन त्यांनी दोरी ओढली, एकाच ओढीत इंजिन लागलं, आणि बोट वळली.

मी काही बोटीतला माणूस नाही. पण वस्तू मोजण्यात जन्म गेला, तेव्हा नजर चुकत नाही. बोटीत मागं अप्पा होते आणि पुढं काही नव्हतं. तरी तिचं नाक वर आलं नव्हतं. ती समतोल येत होती.

काठाला लागल्यावर हैदरचाचा म्हणाले, "उतरो अप्पा."

"मी उतरतो," अप्पा म्हणाले. "पर ती हितं न्हाई. ती पायरीवर." आणि ते एकटेच गाळात उतरले.

पुन्हा बैल जुंपले. जाताना उतार होता, आता चढ, त्यामुळं ओझं जास्त लागणारच, असं मी स्वतःला समजावलं. बैलवाल्यानं दोनदा थांबून विचारलं, "रिकामीच हाय नव्हं?"  अप्पा बोटीच्या कडेला हात लावून चालत होते, एका बाजूला कलू नये म्हणून. सोजरबाई टँकरचा काही पत्ता लागतो का बघायला बांधावरून रस्त्याकडं निघून गेली होती. आम्ही धरणाच्या दगडी पायऱ्यांपाशी पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं.

बोटीचं नाक खालच्या पायरीला टेकलं. बैल दोर ताणून, माना खाली घालून उभे होते, पुढं सरकत नव्हते. अप्पा पायरीवर चढले, वळले आणि हात पुढं केला.

"ये," ते म्हणाले. "सावकाश ये. कोरडं हाय."

त्यांचा हात हवेत तसाच राहिला. मग बोटं मिटली. आणि बैल, कोणी हाकललं नसताना, दोन पावलं पुढं गेले. बोट सरकन पायरीवर चढली. बैलवाल्यानं घाबरून वेसण ओढली.

मला रडू आलं. का ते तेव्हाही कळलं नाही. अप्पा माझ्याकडं वळले, चेहरा शांत होता, फार थकलेला. "झाली सायब खेप," ते म्हणाले. "उद्या येऊ द्या तुमची गाडी."

त्यांनी चपला घातल्या, पिशवी उचलली आणि पायऱ्या चढून बांधावरून रस्त्याकडं निघाले. बांधावरची पायवाट एका माणसापुरतीच. अप्पा तिच्यावरून चालत नव्हते. ते कडेच्या घसरत्या मुरमावरून, तोल सांभाळत चालले होते आणि वाट शेजारी रिकामी होती. समोरून सोजरबाई रिकामी घागर घेऊन परत येत होती. पायऱ्यांपाशी काय झालं हे तिनं पाहिलेलं नव्हतं, तिला कोणी सांगितलंही नव्हतं. ती थांबली. अप्पांकडं तिनं बघितलं नाही, त्यांच्या शेजारच्या वाटेकडं बघितलं. मग घागर कमरेवर घेतली, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि वाट सोडून खाली मुरमात उतरून उभी राहिली.